अभंगांसाठी संगणक घेताना : खानापूर तालुक्यातलं एक प्रकरण

पार्श्वभूमी

खानापूर तालुक्यात जांबोटीच्या अंगाला एक गाव आहे. गावाचं आणि माणसांचं नाव गाळतोय, किमतीचे आकडेही गोळाबेरीज करून दिलेत. तिथल्या मास्तरांनी मला मराठी शाळेत शिकवलं. आता ते निवृत्त आहेत. गावच्या भजनी मंडळाची पेटी त्यांच्याकडे असते आणि अभंगांना चाली लावण्याचा नाद जुना आहे. मुलगी तेव्हा नुकतीच बारावी झालेली, गळा बापापेक्षा चांगला. दोघं मिळून घरातल्या मधल्या खोलीत अभंग रेकॉर्ड करायचे आणि मोबाइलवरून गावोगाव पाठवायचे. पुढं जत्रेची गाणी आली, लग्नातल्या ओव्या आल्या, कुणी चार पैसेही देऊ लागलं.

मी बेळगावात टिळकवाडीला संगणक दुरुस्ती करतो आणि जमेल तसा तबला वाजवतो. या दोन्ही कारणांनी मास्तरांचा फोन मला आला. तारीख मे २०२३ मधली.

"अरे, नवा कॉम्प्युटर घ्यायचाय. सोसायटीतून पाऊण लाख मिळतंय. गेमिंगवाला घ्या म्हणतोय दुकानदार. तू काय म्हणतोस?"

घाई दोन कारणांनी होती. आषाढी २९ जूनला होती आणि त्याआधी पाच अभंग तयार हवे होते. दुसरं कारण कौलांचं. त्या भागात पाऊस एकदा लागला की कौलांवरचा आवाज माइकमध्ये येतो, मग गणपतीपर्यंत रेकॉर्डिंगचं नाव काढायचं नाही.

अडचण

फोनवर काही सांगण्यापेक्षा मी एका रविवारी जाऊन बसलो. जुना लॅपटॉप होता, ४ जीबी रॅम, फिरती हार्ड डिस्क, त्यावर विंडोज १०. यूएसबीचा एक साधा माइक. रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर मुलीनं स्वतःच शिकून घेतलं होतं.

मास्तरांच्या मते अडचण एकच, "मशीन हळू आहे". बसून ऐकल्यावर त्या एका वाक्यात तीन वेगळ्या अडचणी निघाल्या.

पहिली, मुलगी हेडफोन लावून गायची तेव्हा तिचा स्वतःचा आवाज तिला उशिरा ऐकू यायचा. अंतऱ्याला येईपर्यंत लय मागं सरकायची. बफर, म्हणजे आवाज पुढं धाडण्याआधी संगणक जेवढा साठवून धरतो तो साठा, १०२४ सॅम्पलवर (आवाजाचे बारीक तुकडे) ठेवलेला होता. सेकंदाला ४४,१०० सॅम्पल धरले तर १०२४ म्हणजे एका बाजूला २३ मिलिसेकंद, जाऊन-येऊन ४६च्या वर. हवेत आवाज १० मिलिसेकंदात साधारण साडेतीन मीटर जातो. म्हणजे ती पेटीशेजारी बसून गात होती आणि तिचा आवाज तिला पन्नास फुटांवरून, सभामंडपाच्या दुसऱ्या टोकाकडून यावा तसा येत होता. अशात लय कोण सांभाळणार?

दुसरी, उशीर कमी व्हावा म्हणून बफर २५६ वर आणला की आवाजात तडतड सुरू. सात-आठ ट्रॅक झाले आणि बासरीचा नमुना-आवाज (खऱ्या वाद्याचे सूर रेकॉर्ड करून बनवलेलं संगणकातलं वाद्य) लावला की लॅपटॉप मान टाकायचा. टास्क मॅनेजर उघडला तर रॅम भरलेली आणि डिस्क शंभर टक्क्यांवर.

तिसरी अडचण कुणी बोललंच नव्हतं. स्पीकरमधून एक बारीक घुंऽऽ सतत येत होती. मास्तर म्हणाले, "ती तर पहिल्यापासून आहे." सवय झाली की माणसाला घरातला आवाज ऐकूच येत नाही.

मी सोबत माझा ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माइक आणि हेडफोन संगणकाला जोडणारी पेटी, नेला होता. मंडळाचा कीर्तनाचा डायनॅमिक माइक त्याला जोडला आणि डायरेक्ट मॉनिटरचं बटण दाबलं. या बटणानं गायकाचा आवाज संगणकात न जाता इंटरफेसमधूनच परस्पर हेडफोनला जातो. मुलीनं दोन ओळी गायल्या आणि हेडफोन काढून बापाकडं बघितलं. "बाबा, उशीर नाही."

या प्रकरणातला पहिला निर्णयाचा टप्पा मी इथं धरतो. पहिली अडचण संगणकाची नव्हतीच. त्याच जुन्या लॅपटॉपवर ती सुटली. पाऊण लाखाचा गेमिंग पीसी आणून त्याला तोच यूएसबी माइक लावला असता तर ती बरीचशी तशीच राहिली असती. म्हणून ठरलं की पैशातून आधी इंटरफेसचे १५ हजार बाजूला काढायचे आणि उरलेल्यात संगणक बसवायचा.

पर्याय

लॅपटॉप की डेस्कटॉप यावर फार बोलणं झालं नाही. मशीन घराबाहेर जाणार नव्हतं आणि त्याच पैशात डेस्कटॉपमध्ये जास्त मिळत होतं.

मॅक मिनीवर मात्र संध्याकाळभर खल झाला. मुलीला तोच हवा होता. गॅरेजबँड फुकट, ड्रायव्हरची (जोडलेलं उपकरण चालवणाऱ्या प्रोग्रॅमची) कटकट नाही, पंख्याचा आवाज जवळजवळ नाही. तेव्हा एम२ चिपचा मिनी भारतात ५९,९०० पासून होता, पण त्यात रॅम ८ जीबी. ती नंतर वाढवता येत नाही, घेतानाच १६ करायची तर वर २० हजार. मॉनिटर, कीबोर्ड, इंटरफेस धरून हिशेब लाखाच्या पार जात होता. ८ जीबीवरच घेऊन टाकू, असं मुलगी म्हणाली. मी नको म्हटलं. नमुना-आवाजांची वाद्यं रॅममध्ये बसतात आणि तिचा कल तिकडंच होता.

बेळगावात कंपन्यांतून निघालेले जुने डेस्कटॉप पंधरा हजारांच्या आत मिळत होते, सहाव्या पिढीचा आय५ वगैरे. मास्तरांचा जीव त्यात अडकला, कारण कर्ज कमी झालं असतं. आवाजाच्या कामाला ते मशीन अगदीच टाकाऊ नव्हतं. पण विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीच्या खालच्या प्रोसेसरला अधिकृतपणे चालत नाही, आणि विंडोज १० ची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार हे तेव्हाच जाहीर होतं. अडीच वर्षांसाठी कशाला घ्यायचं? इंटरफेस तेवढा घेऊन जुन्या लॅपटॉपलाच रॅम आणि एसएसडी टाकावी, हाही एक पर्याय होता. तो मी फार लवकर सोडून दिला. त्याबद्दल पुढं लिहितोच.

राहिला जोडून घ्यायचा डेस्कटॉप. तिथं दुकानदाराचा गेमिंग पीसी आडवा आला. रंगीत दिव्यांचे चार पंखे, काचेचं कॅबिनेट, १८ हजारांचं ग्राफिक्स कार्ड. "गेम चालतो त्यावर गाणं चालणार नाही का, मास्तर?" हे त्याचं म्हणणं ऐकायला बरोबर वाटतं. पण आवाजाचं गणित प्रोसेसर करतो, ग्राफिक्स कार्ड नुसतं बसून असतं. उलट त्याचा पंखा त्याच खोलीत फिरतो आणि त्याचा ड्रायव्हर कधीकधी तडतडीचं कारण होतो. आमच्या कामाला प्रोसेसरमधलंच ग्राफिक्स पुरेसं होतं.

त्यामुळं नावापुढच्या एका अक्षराला महत्त्व आलं. इंटेलचा आय५-१२४०० आणि आय५-१२४००एफ हे दोन प्रोसेसर कामाला सारखे, पण 'एफ'मध्ये अंगचं ग्राफिक्स नसतं. तो दीड-दोन हजारांनी स्वस्त, म्हणून दुकानं तोच पुढं करतात, आणि मग कार्ड घ्यावंच लागतं. एएमडीचा रायझन ५ ५६००जी हाही चांगला पर्याय होता, स्वस्तही होता. त्याला लागणारा बोर्ड त्या आठवड्यात दुकानात नव्हता, एवढ्याच कारणानं तो मागं पडला. त्यात काही मोठा विचार नव्हता.

मास्तरांनी विचारलं, "जास्त कोर असलेला घेतला तर जास्त चांगलं, नाही का?" कोर म्हणजे प्रोसेसरच्या आतला एकेक कामकरी. मी त्यांना पंगतीचं उदाहरण दिलं. पंगतीत वाढपी दहा असले तरी एका पानावर भात पडल्याशिवाय वरण पडत नाही आणि वरणाआधी तूप पडत नाही. एका ट्रॅकवरचे इफेक्ट असेच ओळीनं चालतात. आधी इक्वलायझर, मग कॉम्प्रेसर, मग रिव्हर्ब. ती ओळ एकच कोर ओढतो. पानं जास्त असतील, म्हणजे ट्रॅक जास्त असतील, तेव्हा जास्त वाढप्यांचा उपयोग. म्हणून एकेक कोर दमदार हवा, आणि असे सहा आमच्या पंधरा-वीस ट्रॅकना भरपूर. १२४०० मध्ये सहा कोर आहेत, सगळे एकाच जातीचे.

कृती

खरेदी बेळगावातच, तिसऱ्या एका दुकानातून झाली. प्रोसेसर १६ हजार, मदरबोर्ड साडेआठ, रॅम ८ जीबीच्या दोन पट्ट्या मिळून साडेतीन, ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी तीन, पॉवर सप्लाय साडेतीन, कॅबिनेट तीन. मॉनिटर सात, कीबोर्ड-माऊस एक. विंडोजच्या परवान्याचे दहा हजार ऐकून दुकानातल्या पोरानं हसून विचारलं, "फुकट टाकून देतो की, पैसे कशाला घालताय?" मास्तर म्हणाले, "मी पस्तीस वर्षं पोरांना कॉपी करू नका म्हणून सांगितलंय बाबा." इंटरफेस स्कार्लेट २आय२, पंधरा. यूपीएस साडेतीन. ७४ हजार झाले. साठ दिवसांच्या चाचणीनंतर रीपरचे ६० डॉलर, म्हणजे आपले पाचेक हजार. पंच्याहत्तरचं ठरलेलं एकोणऐंशीवर गेलं.

एसएसडी ५०० ची पुरेल का, हा हिशेब मुलीनं वहीत मांडला. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, एक मोनो ट्रॅक म्हणजे मिनिटाला साधारण ८.६ एमबी. सहा मिनिटांचा अभंग, चौदा ट्रॅक म्हणजे सव्वासातशे एमबी. चुकलेले टेक धरून अडीच-तीन जीबी. पाच अभंगांना काहीच नाही. पूर्ण झालेलं काम बाहेरच्या हार्ड डिस्कवर काढायचं ठरलं.

मशीन लावलं त्या दिवशी सगळं छान चाललं. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन. "तडतड परत आली!"

मला हे झेपेना. बफर २५६, प्रोसेसरवर वीस टक्केही भार नाही, तरी दर सात-आठ सेकंदांनी टक्, टक्. दोन दिवस मी फोनवरून अंदाजपंचे सांगत होतो, ड्रायव्हर पुन्हा टाका, केबल बदला. शेवटी जावंच लागलं. लेटन्सीमॉन नावाचा एक फुकट प्रोग्रॅम आहे. कुठला ड्रायव्हर प्रोसेसरला अडवून धरतो ते तो दाखवतो. पाच मिनिटं चालू ठेवला आणि लाल रेघ नेटवर्कच्या ड्रायव्हरवर आली. बोर्डला वायफाय नव्हतं म्हणून दुकानातून येताना चारशे रुपयांचं एक यूएसबी वायफाय घेतलं होतं. ते दर काही सेकंदांनी नेटवर्क शोधत बसायचं. उपसून काढलं, तडतड गेली. सोबत विंडोजचा पॉवर प्लॅनही 'हाय परफॉर्मन्स'वर टाकला. वीस टक्के काम असताना अडखळणारं मशीन कमी ताकदीचं नसतं, त्याची वाट कुणीतरी अडवलेली असते. हे मला माहीत होतं, तरी दोन दिवस सुचलं नाही.

घुंऽऽ अजून होतीच. गावातल्या वायरमननं उपाय सांगितला होता, "थ्री-पिनची वरची जाडी पिन काढून टाका, आवाज जाईल." आवाज कदाचित जाईलही, पण बिघाड झाला तर कॅबिनेटच्या पत्र्यात वीज उतरेल. हे कुणीही, कधीही करू नये. आम्ही संगणक, इंटरफेस आणि स्पीकर एकाच बोर्डावर घेतले. आधी स्पीकर दुसऱ्या खोलीतल्या सॉकेटवर होता. इंटरफेसपासून स्पीकरपर्यंतची साधी वायर काढून बॅलन्स्ड टीआरएस केबल, म्हणजे बाहेरची घुरघुर आत येऊ न देणारी केबल, टाकली. घुंऽऽ जवळपास गेली. घराला अर्थिंगच धड नव्हतं हे त्या निमित्तानं कळलं. परसात खड्डा काढून मीठ-कोळसा घालून नवं करून घेतलं. तो खर्च कुठल्याच यादीत नव्हता.

सगळं शांत झाल्यावर एक नवीनच आवाज कानावर आला. कॅबिनेटचा पंखा. माइकपासून चार फुटांवर बसून तो प्रत्येक शांत जागेत, आलाप संपून पेटी सुरू व्हायच्या आधी, हजेरी लावत होता. आवाज काढून टाकणारं प्लगइन लावून पाहिलं तर गळ्याची झिलईच गेली. मग मास्तरांनी जुना मार्ग काढला. मधल्या खोलीच्या भिंतीत सोप्याकडं, म्हणजे ओसरीकडं, एक झरोका होता. कॅबिनेट सोप्यात ठेवलं, झरोक्यातून एचडीएमआय आणि यूएसबीच्या केबल आत घेतल्या. यूएसबी २.० ला पाच मीटरपर्यंत चालतं, आम्हाला साडेतीन लागले. सोप्यात मुंग्या आणि पाली, म्हणून वैनींनी, म्हणजे मास्तरांच्या बायकोनं, कॅबिनेटच्या तोंडाला मच्छरदाणीचा तुकडा शिवून बसवला. त्यानं हवा थोडी अडते, पण प्रोसेसर फार तापत नाही, मी पाहिलंय.

काय झालं

त्या साली पाऊस लांबला. केरळातच ८ जूनला आला, आमच्याकडं आणखी उशिरा. त्या उसंतीत चार अभंग पूर्ण झाले. पाचव्याच्या तिसऱ्या अंतऱ्याला लाईट गेली. यूपीएसनं मशीन सांभाळलं, टेक वाचला, आणि त्या टेकमध्ये यूपीएसचं 'पीक्, पीक्' अगदी समेवर रेकॉर्ड झालं. मुलगी हसून हसून बेजार. तोवर कौलं वाजायला लागली होती. पाचवा अभंग कार्तिकीला, २३ नोव्हेंबरच्या आधी, झाला. यूपीएसही आता सोप्यात असतो.

दिवाळीत मुलीनं तंतुवाद्यांचा एक मोठा नमुना-संच घेतला आणि १६ जीबी रॅम भरली. बोर्डला रॅमचे खाचे दोनच, दोन्हीत ८-८ च्या पट्ट्या. त्या काढून १६-१६ च्या घ्याव्या लागल्या, जुन्या निम्म्या किमतीत गेल्या.

बाकी मशीननं त्रास दिलेला नाही. बैलहोंगलकडची एक मंडळी बसवण्णांची वचनं रेकॉर्ड करायला दोनदा येऊन गेली. मास्तरांना कन्नड बोलता येतं, पण वचनाचा शब्द कुठं तोडायचा हे त्या मंडळींनीच त्यांना बसवून सांगितलं. सोसायटीचा हप्ता अशा कामांतून निघतो, सगळाच नाही, बराचसा. मॉनिटरच्या कडेला मुलीनं चिठ्ठी चिकटवली आहे : "वायफाय बंद, पंखा बंद, फ्रीज बंद". खाली वैनींच्या अक्षरात : "फ्रीज परत लावणे. दूध नासलं."

पुन्हा करायचं झालं तर

रॅमची चूक सरळ माझी. दोन पट्ट्यांनी वेग थोडा बरा मिळतो म्हणून मी ८-८ सुचवलं आणि बोर्ड दोन खाच्यांचा आहे हे लक्षात घेतलं नाही. चार खाचे असलेला बोर्ड दीड-दोन हजारांनी महाग पडला असता, किंवा १६ ची एकच पट्टी घालून एक खाच मोकळी ठेवता आली असती. नमुना-आवाजांची वाद्यं वापरणाऱ्याला आता मी थेट ३२ सांगतो.

जुन्या लॅपटॉपला इंटरफेस, एसएसडी आणि ८ जीबी रॅम एवढंच केलं असतं तर? वीस-बावीस हजारांत आषाढीचे अभंग झाले असते असं मला वाटतं. मोठी खरेदी सहा महिने लांबवून, नेमकं कुठं अडतंय ते बघून करता आली असती. मुलीला तंतुवाद्यांचा नाद लागला हे मे महिन्यात कुणालाच माहीत नव्हतं, तिलासुद्धा. पण सोसायटीचं कर्ज मंजूर होतं, आणि मंजूर पैसा घरात स्वस्थ बसत नाही.

मॅकबद्दलचं माझं उत्तर आता बदललंय. नोव्हेंबर २०२४ मध्ये एम४ चा मिनी आला तो ५९,९०० लाच, पण सुरुवातीलाच १६ जीबी रॅम घेऊन. आज तेच मास्तर, तेवढेच पैसे घेऊन आले तर मी दोन्ही हिशेब समोर ठेवीन आणि झरोक्याचा, पंख्याचा, लेटन्सीमॉनचा वेळही त्यात मोजीन. अर्थिंग मात्र दोन्हींत करावंच लागलं असतं.

खोलीत किती शांतता आहे हे मी पहिल्या रविवारी मोजायला हवं होतं. घुंऽऽ ऐकली, पण नवीन मशीन कुठं ठेवणार हे विचारलं नाही. ते विचारलं असतं तर केबल, झरोका आणि सोपा हे सगळं खरेदीच्या यादीतच आलं असतं.

परवा मास्तरांचा पुन्हा फोन होता. सगळं भजनी मंडळ एकत्र बसवून, आठ माइक लावून रेकॉर्ड करायचंय. "मशीन झेपेल ना रे?" मशीन झेपेल. इंटरफेसला माइकच्या जागा दोनच आहेत, अडणार ते तिथं. आठ जागांचा कितीला येतो ते बघून सांगतो म्हटलं, आणि आधी मंडळात टाळांच्या जोड्या किती आहेत ते मोजून ठेवायला सांगितलं.